पेशी मोजल्या, पुढे काय?

दिल्लीच्या उत्तर भागातील ‘रिज’ या टेकडीवर महापालिकेचे सर्वांत मोठे रुग्णालय उभे आहे. त्याचे नाव हिंदूराव. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभे असलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की हे नाव एका मराठी सरदाराचे आहे. हिंदूराव घाटगे हे कागलच्या सखाराम घाटगे ऊर्फ सर्जेरावांचे पुत्र आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. दिल्लीतील ब्रिटिश अधिकारी विल्यम फ्रेझर याची १८३५ मध्ये हत्या झाल्यानंतर टेकडीवरील त्याचा प्रशस्त बंगला हिंदूरावांनी विकत घेतला. १८५७च्या उठावात हीच वास्तू टेकडीवरील ब्रिटिश फौजेची महत्त्वाची चौकी ठरली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे रुग्णालय आले. शेजारी अशोकस्तंभ आहे, आवारात जुनी बावडी आहे, आणि या साऱ्या इतिहासाच्या मधोमध सुमारे ९०० खाटांचा रोजचा संसार चालू आहे.

एखाद्या शासकीय रुग्णालयाची खरी स्थिती पाहायची असेल तर शस्त्रक्रियागृहापेक्षा प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी उभे राहावे. तेथे हातोहात फिरणारा सर्वांत सामान्य कागद म्हणजे रक्तातील पेशींच्या मोजणीचा अहवाल, ज्याला सगळे ‘सीबीसी’ म्हणतात. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट या त्यातील दोन ओळी आता घरोघरी वाचल्या जातात; डेंग्यूने तेवढे शिक्षण आपल्याला दिले आहे. त्यांच्या मध्येच कुठेतरी ‘लिंफोसाइट’ अशी एक ओळ असते आणि तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. गेल्या चार दशकांत आपल्या सार्वजनिक आरोग्य धोरणातील काही अत्यंत कठीण निर्णय मात्र याच ओळीभोवती घेतले गेले. कोणाला औषध मिळेल आणि कोणाला थांबावे लागेल, कोणाला दाखल करायचे आणि कोणाला घरी पाठवायचे, हे ठरवताना या पेशींची संख्या निर्णायक ठरली. म्हणूनच ही संख्या नेमके काय सांगते, काय सांगत नाही आणि ती कळल्यानंतर व्यवस्था काय करते, हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा राहत नाही.

एका ओळीचा अर्थ

लिंफोसाइट या रक्तातील पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. शरीरात शिरलेल्या जंतूची ओळख पटवणे, ती लक्षात ठेवणे आणि त्यानुसार प्रतिकार उभा करणे हे त्यांचे काम. त्यांपैकी बी-पेशी प्रतिपिंडे तयार करतात. टी-पेशींतील काही संसर्ग झालेल्या पेशींना मारतात, तर काही साऱ्या प्रतिकाराचे संयोजन करतात. या संयोजक पेशींच्या पृष्ठभागावर ‘सीडी-४’ नावाचे प्रथिन असते. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये साधारणपणे १,००० ते ४,००० लिंफोसाइट असतात आणि त्यांत सीडी-४ पेशी सुमारे ५०० ते १,५००.

येथे पहिली सावधगिरी बाळगायला हवी. अहवालावर बहुधा लिंफोसाइटची टक्केवारी ठळक छापलेली असते आणि ती फसवी असू शकते. समजा, दोन रुग्णांची टक्केवारी सारखीच, १४ आहे. एकाच्या एकूण पांढऱ्या पेशी ५,००० असतील तर त्याच्या लिंफोसाइट ७०० भरतात, म्हणजे स्पष्टपणे कमी. दुसऱ्याच्या पांढऱ्या पेशी १२,००० असतील तर त्याच्या लिंफोसाइट १,६८० होतात, म्हणजे पुरेशा. टक्केवारी एकच, अर्थ निराळा. पाहायची असते ती प्रत्यक्ष संख्या.

दुसरी सावधगिरी अधिक मूलभूत आहे. शरीरातील एकूण लिंफोसाइटपैकी जेमतेम दोन टक्के पेशी कोणत्याही क्षणी रक्तात असतात. बाकीच्या लसिका ग्रंथी, प्लीहा, आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा यांत राहतात. रक्ताची तपासणी म्हणजे नगरातील लोकसंख्या रस्त्यावरच्या वर्दळीवरून अजमावण्यासारखे आहे. साधा विषाणूजन्य ताप आला, शारीरिक ताण पडला किंवा स्टेरॉइड सुरू झाले तर पेशी रक्तातून ऊतींमध्ये सरकतात आणि आकडा घसरतो. सीडी-४ची संख्या तर दिवसाच्या वेगवेगळ्या प्रहरीही वेगळी येते. लहान मुलांत या पेशी मुळातच जास्त असतात, त्यामुळे प्रौढांचे मोजमाप त्यांना लावता येत नाही. क्षयरोग झालेल्या माणसाचा आकडा एचआयव्ही नसतानाही खाली येऊ शकतो आणि उपचारानंतर पुन्हा वर जातो. उलट, संख्या वाढलेली असणे म्हणजे प्रतिकारशक्ती उत्तम असणे नव्हे. डांग्या खोकल्यात लिंफोसाइट वाढतात आणि वृद्धापकाळातील रक्ताच्या एका कर्करोगाचा पहिला सुगावाही अनेकदा अशाच वाढलेल्या आकड्यातून लागतो.

म्हणजे एकट्या आकड्याचे मोल मर्यादित असते. मागच्या तपासणीच्या तुलनेत तो कोठे चालला आहे, रुग्णाची लक्षणे काय आहेत आणि त्याला कोणती औषधे सुरू आहेत, या संदर्भात तो बोलू लागतो. हा संदर्भ जपण्याचे काम यंत्र करत नाही. ते डॉक्टर, तंत्रज्ञ आणि नोंदी ठेवणारी व्यवस्था यांनी करायचे असते.

महासाथीतील इशारा

२०२०च्या जानेवारीत ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात वुहानमधील पहिल्या ४१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ६३ टक्के रुग्णांच्या लिंफोसाइट कमी झालेल्या आढळल्या. पुढे देशोदेशीच्या रुग्णालयांत हाच अनुभव आला. ज्यांचा आजार गंभीर होणार होता, त्यांच्यात ही घसरण अधिक खोल असे. महागड्या तपासण्या जेथे उपलब्ध नव्हत्या, तेथे न्यूट्रोफिल आणि लिंफोसाइट यांचे गुणोत्तर काढून कोणावर अधिक लक्ष ठेवायचे याचा अंदाज डॉक्टर बांधू लागले. साध्या सीबीसीतून मिळणारी ही माहिती होती. तिच्यासाठी नवे यंत्र लागत नव्हते. अहवाल वेळेवर हाती येणे आणि तो पाहायला डॉक्टर जागेवर असणे, एवढेच लागत होते.

नेमकी हीच गोष्ट हिंदूरावमध्ये डळमळली. जून २०२०मध्ये दिल्ली सरकारने हे रुग्णालय कोविडसाठी राखीव घोषित केले. रुग्णालय चालवत होती उत्तर दिल्ली महापालिका. डॉक्टर आणि परिचारिकांचे वेतन महापालिकेने द्यायचे. महापालिका म्हणे, राज्य सरकारकडून येणे असलेला निधी मिळत नाही. राज्य सरकार म्हणे, देय रक्कम दिलेली आहे. या वादात काही महिन्यांचे वेतन थकले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये निवासी डॉक्टरांनी काम थांबवले आणि दाखल असलेल्या कोविड रुग्णांना दुसऱ्या सरकारी रुग्णालयांत हलवावे लागले. टाळ्या आणि थाळ्यांनी ज्यांचा गौरव झाला होता, त्यांना सहा-सात महिन्यांत पगारासाठी फलक हाती घ्यावा लागला.

ही घटना केवळ वेतनाची म्हणून नोंदवली गेली; तिचा वैद्यकीय अर्थ मागे पडला. रुग्ण एका रुग्णालयातून दुसरीकडे हलतो तेव्हा त्याच्याबरोबर त्याची तपासण्यांची मालिका जातेच असे नाही. सोमवारी १,१००, बुधवारी ८००, शुक्रवारी ५०० हा उतार ज्याने पाहिला आहे, त्याला धोका कळतो. नव्या ठिकाणी ज्याच्यासमोर केवळ ५०० हा शेवटचा आकडा येतो, त्याला उतार दिसत नाही. २०१२ मध्ये दिल्लीच्या महापालिकेचे तीन तुकडे करण्यात आले आणि मे २०२२ मध्ये ते पुन्हा एकत्र करण्यात आले. या फेरबदलांवर राजकीय चर्चा भरपूर झाली. रुग्णालयाची जबाबदारी एकाकडे, साथीचे आदेश दुसऱ्याकडे आणि पैशांच्या नाड्या तिसऱ्याकडे असतील तर रुग्णाच्या कागदावरील आकड्याला उत्तर देणार कोण, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत फारसा आला नाही.

महासाथीने आणखी एक धडा दिला. जून २०२०मध्ये ब्रिटनमधील चाचण्यांतून डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने ऑक्सिजनवरील रुग्णांचे प्राण वाचतात हे सिद्ध झाले. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना मात्र त्याचा लाभ दिसला नाही. स्टेरॉइड लिंफोसाइटची संख्या आणि कार्यक्षमता दोन्ही कमी करते. दुसऱ्या लाटेत ते सौम्य रुग्णांनाही, नको तितक्या मात्रेत आणि नको तितके दिवस दिले गेले. अनियंत्रित मधुमेहाची त्यात भर पडली आणि २०२१च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रासह देशभर म्युकरमायकोसिसने थैमान घातले. प्रतिकारशक्ती मोजण्याचे साधन आपल्या हाती होते. ती औषधाने किती दाबली जात आहे याचे भान मात्र सुटले होते.

आकड्याची झालेली वेस

लिंफोसाइटच्या संख्येचा धोरणावर सर्वांत खोल परिणाम झाला तो एचआयव्हीच्या संदर्भात. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या साथरोग नियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक पत्रिकेत लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. अशा रुग्णांच्या रक्तात संयोजक टी-पेशी जवळपास नाहीशा झालेल्या होत्या. विषाणू सापडण्याआधी त्याचा माग या पेशींच्या घसरणीने दाखवला होता. भारतात पहिल्या एचआयव्ही संसर्गाची नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे ‘नॅको’, स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुण्याच्या भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली.

१ एप्रिल २००४ रोजी केंद्र सरकारने आठ सरकारी रुग्णालयांतून एआरटी, म्हणजे विषाणूरोधक औषधोपचार, मोफत देण्यास सुरुवात केली. त्यांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते आणि दिल्लीतील रुग्णालयेही होती. औषध महाग होते, साठा मर्यादित होता; मग ते कोणाला द्यायचे? उत्तर होते सीडी-४. आजाराची गंभीर लक्षणे नसतील, तर संख्या २००च्या खाली आल्यावर औषध मिळेल. जेथे सीडी-४ मोजण्याचे यंत्र नव्हते तेथे, लक्षणे असलेल्या रुग्णांत, एकूण लिंफोसाइट १,२००च्या खाली असणे हा पर्याय धरावा, अशी वाट जागतिक आरोग्य संघटनेने त्या काळात गरीब देशांसाठी मोकळी ठेवली होती. गरिबांची सीडी-४ तपासणी म्हणता येईल अशी ही तडजोड होती, आणि ती कच्ची होती. एकूण लिंफोसाइट पुरेशा दिसत असतानाही सीडी-४ खालावलेल्या असू शकतात, हे लवकरच स्पष्ट झाले आणि तो निकष मागे पडला.

या आकड्याने सामान्य माणसाची भाषाही बदलली. हिंदूराव घाटग्यांचे कागल ज्या कोल्हापूर जिल्ह्यात आहे, त्याला लागून असलेला सांगली जिल्हा एके काळी देशातील सर्वाधिक प्रादुर्भावाच्या जिल्ह्यांत गणला जाई. मीना शेषू यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या ‘संग्राम’ या संस्थेने तेथे शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांना संघटित केले आणि रोगप्रतिबंधाचे काम त्यांच्याच हाती दिले. पश्चिम महाराष्ट्रातील अशा वस्त्यांत आणि खेड्यांत ‘सीडी-फोर किती आला?’ हा प्रश्न रूढ झाला. फारसे न शिकलेल्या स्त्रीलाही २०० आणि ३५० या अंकांचा अर्थ कळू लागला, कारण तो तिच्या जगण्याशी जोडलेला होता.

परंतु वेशीबाहेर थांबणाऱ्यांची व्यथा निराळी होती. ज्याची संख्या २६० आली त्याला डॉक्टर सांगत, ‘आता औषध नाही, सहा महिन्यांनी या.’ याचा सरळ अर्थ, आणखी आजारी होऊन या. ते सहा महिने संपण्याआधी क्षयरोगाने गाठले तर परत येणे व्हायचेही नाही. वैद्यकशास्त्राला ही वेस चुकीची असल्याचे हळूहळू कळत गेले. २००६ मध्ये ‘स्मार्ट’ या आंतरराष्ट्रीय चाचणीने दाखवले की सीडी-४ वाढली म्हणून औषध थांबवणे आणि घसरली की पुन्हा सुरू करणे जिवावर बेतते. २०११ मध्ये पुणे आणि चेन्नई येथील केंद्रांचाही सहभाग असलेल्या ‘एचपीटीएन ०५२’ या अभ्यासाने सिद्ध केले की लवकर औषध सुरू केल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी कमी होतो. २०१५ मध्ये ‘स्टार्ट’ चाचणीने उरलीसुरली शंका मिटवली: सीडी-४ ५००च्या वर असतानाही लगेच उपचार सुरू करणाऱ्यांचे गंभीर आजार निम्म्याहून अधिक कमी झाले.

भारताचा उंबरठा या पुराव्यामागे चालत राहिला. तो २०० वरून टप्प्याटप्प्याने ३५० आणि मग ५०० असा वर सरकला. अखेर एप्रिल २०१७ मध्ये, संख्या कितीही असली तरी एचआयव्ही असलेल्या प्रत्येकाला औषध देण्याचे धोरण जाहीर झाले. वेस पाडली गेली, ही आपल्या आरोग्य प्रशासनाची मोठी कामगिरी होय. आज देशात एचआयव्हीसह जगणाऱ्या सुमारे २५ लाख लोकांपैकी सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत, म्हणून या निर्णयाचे सर्वांत मोठे लाभार्थीही याच राज्यात आहेत.

वेस गेली, दिवा विझू नये

धोरणांच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते की जुने साधन चुकीच्या कामासाठी वापरले गेले म्हणून ते योग्य कामासाठीही दुर्लक्षित होते. औषध कोणाला द्यायचे हे ठरवण्यासाठी सीडी-४ची गरज उरली नाही. औषध लागू पडते आहे की नाही हे पाहण्यासाठी रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजणे, म्हणजे ‘व्हायरल लोड’, अधिक विश्वसनीय ठरले. भारतीय मार्गदर्शक सूचनांनुसार संख्या ३५०च्या वर गेली आणि विषाणू आटोक्यात असला की सीडी-४ची नियमित तपासणी थांबवता येते. हे तर्कशुद्ध आहे. जगभर मात्र याचा एक अनपेक्षित परिणाम दिसला. अनेक देशांत या तपासणीवरील खर्च घटला, यंत्रे पडून राहिली आणि जे रुग्ण फार उशिरा येतात त्यांना ओळखणेच अवघड झाले.

उशिरा येणारे रुग्ण संपलेले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उपचार सुरू करणाऱ्या दर तिघांपैकी जवळपास एकाची सीडी-४ संख्या २००च्या खाली असते. काहींना संसर्ग उशिरा कळतो. काहींनी औषध सुरू करून मध्येच सोडलेले असते: स्थलांतरामुळे, कलंकाच्या भीतीने, कधी औषधसाठा संपल्यामुळे. २००च्या खालची संख्या म्हणजे ‘प्रगत एचआयव्ही आजार’, अशी व्याख्या संघटनेने केली आहे. अशा रुग्णाला केवळ विषाणूरोधक गोळ्या देऊन घरी पाठवणे पुरेसे नसते. लघवीच्या साध्या तपासणीतून क्षयरोगाचा शोध, रक्तातून क्रिप्टोकॉकस या बुरशीचा शोध, कोट्रायमॉक्सॅझोलसारखी प्रतिबंधक औषधे आणि पहिल्या काही महिन्यांत सतत पाठपुरावा असे सारे एकत्र लागते. यांतील कोणतीही गोष्ट विलक्षण महाग नाही. ती कोणाला लागणार हे मात्र सीडी-४ तपासल्याशिवाय कळत नाही, कारण इतकी कमी संख्या असलेला माणूसही स्वतःच्या पायांनी चालत, वरवर ठीकठाक दिसत दवाखान्यात येऊ शकतो.

भारतात हा प्रश्न अधिक तीव्र होण्याचे कारण क्षयरोग. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे आणि एचआयव्ही असलेल्यांच्या मृत्यूचे ते सर्वांत मोठे कारण. सीडी-४ पेशी क्षयाच्या जंतूला गाठीत कोंडून ठेवतात. त्या घटल्या की कोंडलेला जंतू मोकळा होतो. हिंदूरावपासून थोड्याच अंतरावर महापालिकेचेच राजन बाबू क्षयरोग रुग्णालय आहे. एकाच स्थानिक संस्थेच्या अखत्यारीत सर्वसाधारण रुग्णालय आणि क्षयरोगाचे विशेष रुग्णालय असणे ही खरे तर मोठी सोय. मुंबईतही केईएम, नायर, शीव ही सर्वसाधारण रुग्णालये आणि शिवडीचे क्षयरोग रुग्णालय एकाच महापालिकेकडे आहेत. या सोयीचा उपयोग तेव्हाच, जेव्हा एका इमारतीत मोजलेली संख्या दुसऱ्या इमारतीतील डॉक्टरला त्याच दिवशी दिसेल. आज ती प्रायः रुग्णाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून प्रवास करते आणि पावसाळ्यात भिजते.

‘शक्य असेल तितपत’

कायदा येथे काय म्हणतो ते पाहणे उद्बोधक आहे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. भेदभावाला मनाई करणारा, गोपनीयतेचे रक्षण करणारा हा कायदा अनेक अर्थांनी पुढारलेला आहे. निदानाच्या सुविधा, विषाणूरोधक उपचार आणि संधिसाधू संसर्गांवरील उपचार पुरवण्याचे कर्तव्य सरकारांवर सोपवताना त्याने एक शब्दप्रयोग मात्र जोडला, ‘शक्य असेल तितपत’. विधेयकावरील चर्चेत रुग्णांच्या संघटनांनी आणि काही खासदारांनी याला आक्षेप घेतला होता. शब्द कायम राहिले. औषधांच्या बाबतीत सरकारने प्रत्यक्षात या पळवाटेचा फारसा आधार घेतला नाही, हे मान्य केले पाहिजे. निदानाच्या बाबतीत ती वाट अजून मोकळी आहे. तपासणीचे रसायन संपले, तंत्रज्ञाची जागा रिकामी राहिली, यंत्र दुरुस्तीअभावी बंद पडले, तर यांतले काहीच कायद्याचे उल्लंघन ठरत नाही.

सरकारने निदानाकडे अगदीच दुर्लक्ष केले असे नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली २०१५ पासून मोफत तपासण्यांची योजना आहे. तिच्या विस्तारित रूपात प्राथमिक आरोग्य केंद्रात ६३ आणि जिल्हा रुग्णालयात १३४ तपासण्या असाव्यात, असे अपेक्षित आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ मध्ये अत्यावश्यक निदान तपासण्यांची राष्ट्रीय यादी प्रसिद्ध केली. यादी असणे आणि एखाद्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता ती तपासणी प्रत्यक्ष होणे यांत जे अंतर आहे, ते तंत्रज्ञ, वीज, रसायने आणि वेळेवर होणाऱ्या पगारांनी भरायचे असते.

या पोकळीत बाजार शिरतो. महासाथीनंतर ‘इम्युनिटी’ हा शब्द काढ्यापासून बिस्किटापर्यंत सर्वत्र विकला गेला आणि खासगी प्रयोगशाळांच्या सर्वांगतपासणी योजना घरपोच आल्या. त्यांतील लिंफोसाइटचा किंचित वरखाली झालेला आकडा पाहून सुस्थित कुटुंबे धास्तावतात आणि विनाकारण पुढच्या तपासण्यांमागे धावतात. सर्दी-तापानंतर काही आठवड्यांनी पुन्हा मोजल्यास बहुतेकदा तो आकडा आपोआप सावरलेला असतो. प्रतिकारशक्ती ही ‘वाढवण्याची’ एकच एक रेघ नाही आणि ती एका अंकात मावतही नाही. एकीकडे ज्याला गरज नाही त्याची पुनःपुन्हा मोजणी होते, तर दुसरीकडे ज्याची संख्या १५० झाली आहे त्याची एकदाही होत नाही. ही विषमता रक्ताची नाही, व्यवस्थेची आहे.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पाचवा टप्पा २०२१ ते २०२६ असा, १५,४७१.९४ कोटी रुपयांच्या तरतुदीचा आणि पूर्णतः केंद्राच्या निधीतून चालणारा आहे. परदेशी मदतीवर विसंबलेल्या देशांचे कार्यक्रम आज कोलमडत असताना ही स्वावलंबनाची बाब लक्षणीय ठरते. या टप्प्यानंतरची आखणी करताना तीन गोष्टींना स्थान मिळायला हवे. पहिली, उपचार सुरू करताना आणि औषध सोडून परतणाऱ्या प्रत्येकाची सीडी-४ तपासणी बिनचूक व्हावी. आता बोटातून घेतलेल्या रक्तावर, यंत्राशिवाय, सुमारे ४० मिनिटांत संख्या २००च्या वर आहे की खाली हे सांगणाऱ्या पट्ट्या उपलब्ध आहेत. त्या तालुका पातळीपर्यंत नेता येतील. दुसरी, २००च्या खालच्या प्रत्येक अहवालापाठोपाठ क्षयरोग आणि बुरशीच्या तपासण्या त्याच भेटीत व्हाव्यात आणि त्या झाल्या की नाही याचा हिशेब राज्यांनी जाहीर करावा. तिसरी, महापालिकांच्या रुग्णालयांतील प्रयोगशाळांचे वेतन आणि रसायनांचा खर्च राजकीय वादांपासून वेगळा, राखीव ठेवावा.

तिसऱ्या मुद्द्यावर कोणी म्हणेल की हा आरोग्याचा नव्हे, वित्तव्यवस्थेचा विषय झाला. हिंदूरावमधील ऑक्टोबर २०२० आठवल्यास हा भेद टिकत नाही. कागलच्या सरदाराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या टेकडीवर तेव्हा ज्ञान उपलब्ध होते, यंत्रे होती आणि कुशल डॉक्टरही होते. कमी पडली ती त्यांना कामावर ठेवणारी साधी प्रशासकीय शिस्त. पेशी मोजणे हा उपचाराचा आरंभ असतो. अहवालावर २००च्या खालचा आकडा उमटला की त्याच दिवशी पुढचे पाऊल कोण उचलणार, त्या व्यक्तीचे नाव आणि पद ठरलेले असावे आणि त्या व्यक्तीचा पगार महिनाअखेर झालेला असावा. एवढी मागणी करायला रोगप्रतिकारशास्त्राचे ज्ञान लागत नाही.